घसारा

माणसाला आयुष्यात तीन वेळा फुकट सल्ला पोत्याने मिळतो. बहिणीला स्थळ बघताना, घराचा पाया खणताना आणि गाडी घेताना. पहिले दोन प्रसंग आमच्या घरात यथासांग पार पडले होते. बहीण सुखात आहे, घराला एकच तडा आहे. तिसरा प्रसंग मी बरीच वर्षं टाळत आणला होता. वळसंगहून सोलापूरला बँकेत जायचं ते आधी एस.टी.ने आणि नंतर मोटारसायकलने, असं वीस वर्षं निभावलं. पण आईच्या गुडघ्यांनी मोटारसायकलवर बसायला लेखी नसली तरी तोंडी हरकत घेतली आणि आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं.

गाडी म्हणजे लहानशीच. पांढरी. ‘पांढरीच का?’ असं विचारणाऱ्यांना मी सोलापूरच्या उन्हाचं कारण सांगतो. पांढरा रंग उन्हात कमी तापतो, हे खरंही आहे. पण त्याहून खरं कारण असं की पांढरी त्याच आठवड्यात मिळत होती आणि लालला दोन महिने थांबायचं होतं.

रंग ठरला, पैसे ठरले, नारळ कोणी फोडायचा ते ठरलं. (एवढ्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, पण तो विषय वेगळा.) आता सही करून उठावं म्हणून मी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात शोरूममधल्या मुलाने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. डॉक्टरने किंवा विक्रेत्याने आवाज खाली आणला की एकच समजावं : रक्कम मोठी आहे.

“सर, गाडीच्या प्रोटेक्शनचं काय करायचं?”

“कशापासून?” मी विचारलं.

मुलगा गडबडला. हा प्रश्न त्याच्या प्रशिक्षणात नसावा. त्याने एकदा छताकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “सर… सगळ्यापासून.”

मग त्याने एक गुळगुळीत कागद माझ्यापुढे सरकवला. सिरॅमिक कोटिंग २२,००० रुपये. ते नको असेल तर पीपीएफ, म्हणजे अख्ख्या गाडीला पारदर्शक प्लॅस्टिकचं कातडं, ८५,००० रुपये. चारी खिडक्यांना काळी फिल्म ८,००० रुपये. शिवाय बंपरच्या कोपऱ्यांना रबर, दारांच्या कडांना पट्ट्या, सीटवर कव्हर, मॅटवर मॅट, आणि दाराच्या मुठीमागे जी वाटी असते तिला नखं लागू नयेत म्हणून एक चिकटपट्टी. दार उघडताना आपल्याच बायकोची नखं लागून गाडीचा रंग जातो, ही माहिती मला नवीन होती. मी सौ.च्या नखांकडे पाहिलं. तिने हात पदराखाली घेतला.

“आणि हे सगळं लोनमध्येच बसवू सर,” मुलगा म्हणाला. “हप्त्यात कळणारसुद्धा नाही.”

हे वाक्य त्याने चुकीच्या माणसापुढे टाकलं. मी कॉमर्सचा पदवीधर. हप्त्यात काय काय कळत नाही, हे दिवसभर दुसऱ्यांना समजावून देण्याचाच मला पगार मिळतो. मी त्याच्याच गुळगुळीत कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. २२,००० रुपये, दर ९ टक्के, मुदत ७ वर्षं. महिन्याला ३५४ रुपये, असे ८४ हप्ते. एकूण भरणा २९,७०० च्या वर. आणि कोटिंगची हमी किती? ३ वर्षं, तीही दरवर्षी त्यांच्याकडे येऊन पैसे देऊन तपासणी करून घेतली तर. म्हणजे चौथ्या वर्षापासून सातव्या वर्षापर्यंत मी गाडीवर नसलेल्या वस्तूचे हप्ते भरत राहायचे! आमच्या बँकेत असं खातं निघालं तर त्याच्यावर लाल शाईने शेरा मारतात.

मुलगा बिचारा चांगला होता. “विचार करून सांगा सर,” म्हणाला. मी विचार करायला घरी आलो आणि तिथेच चुकलो. कारण आमच्या घरी विचार एकट्याने करायची पद्धत नाही.

मेव्हणा जेवायलाच आला होता. (तो कोणत्याही महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी जेवायलाच आलेला असतो.) तो म्हणाला, “दाजी, तीस हजारासाठी तोंड कशाला बघता? निदान टेफ्लॉन तरी मारून घ्या.” मी त्याला म्हटलं, टेफ्लॉन सुमारे ३२७ अंशांना वितळतं. तव्यावर ते पक्कं बसवायचं तर तवा त्याहूनही जास्त तापवावा लागतो. गाडी इतकी तापवली तर सीट, टायर आणि तिच्यावरचं कर्ज यांपैकी फक्त कर्ज शिल्लक राहील. दुकानात मिळतं ते टेफ्लॉन नाव दिलेलं पॉलिश. ते चार पावसांत धुऊन जातं. मेव्हणा म्हणाला, “पण चमक येते.” चमक येते हे मी मान्य केलं. चमक काय, खोबरेल तेलानेही येते.

आता मंडळी, वादात खोटं बोलून जिंकू नये, म्हणून या लेपांची खरी कुंडली मांडतो. गाडीच्या पत्र्यावर कारखान्यातच थरावर थर चढवलेले असतात. गंज लागू नये म्हणून विजेच्या साहाय्याने बसवलेला पहिला थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर क्लिअरकोट नावाचा पारदर्शक थर. हे सगळं भट्टीत भाजून पक्कं केलेलं असतं. सगळ्यांची मिळून जाडी जेमतेम शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांएवढी. त्यातला क्लिअरकोट सुमारे चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. म्हणजे रंगाचं संरक्षण कारखान्याने आधीच दिलेलं आहे आणि त्याचे पैसे गाडीच्या किमतीत आपण आधीच मोजलेले आहेत. त्यावर हे सिरॅमिक बसतं, ते एक-दोन मायक्रॉनचं. त्यामुळे पाणी थेंब थेंब होऊन ओघळतं, धूळ कमी चिकटते, फडक्याचे बारीक चरे कमी पडतात आणि धुणं सोपं होतं. एवढं खरं आहे.

पण कागदावर ‘नाइन एच हार्डनेस’ असं छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, आता गाडीवर हातोडा मारला तरी हातोडाच तुटेल. हे ‘नाइन एच’ माप हिऱ्यामाणकांचं नाही, पेन्सिलीचं आहे. चित्रकलेच्या परीक्षेला आपण एचबी आणि टू एच घेऊन जात होतो, त्यांचीच ही चुलत भावंडं. याचा अर्थ इतकाच की कुणी पेन्सिल घेऊन तुमच्या गाडीवर चित्र काढायला आला तर त्याचा हिरमोड होईल. वळसंगात असा चित्रकार मला अजून भेटलेला नाही.

वळसंगात गाडीला भेटतात ते वेगळेच. एक, शेजारची शेळी. तिला बॉनेटवर चढून लिंबाचा पाला खायचा असतो आणि तिचे खूर पेन्सिलीपेक्षा कठीण असतात. दोन, उसाची ट्रॉली. हंगामात ती रस्त्याने चालत नाही, रस्ता स्वतःबरोबर घेऊन चालते आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ऊस येणाऱ्याजाणाऱ्याच्या गाडीवर हजेरी मांडतात. तीन, शेताच्या वाटेवरची वेडी बाभूळ. चार, समोरच्या टिपरने उडवलेली खडी. आणि पाच, आमच्या बोअरचं पाणी. त्यात इतका क्षार आहे की हंडा बाहेरून कळत नाही तांब्याचा आहे की चुन्याचा. त्या पाण्याचे थेंब कोटिंगवर सुंदर गोल उभे राहतात आणि उन्हाने तिथेच वाळून पांढरे ठिपके होऊन बसतात. म्हणजे शेळी, ऊस, काटे आणि खडी यांना सिरॅमिक अडवत नाही, आणि पाण्याला अडवतं ते अशा जागी की पुसायला पुन्हा मीच.

प्लॅस्टिकच्या कातड्याची गोष्ट जरा वेगळी. ते दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असतं, चांगल्या प्रतीचं असेल तर खडीचा मार खातं आणि त्यावरचे बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरूनही येतात. हे खोटं नाही. काळी चकचकीत महाग गाडी घेऊन महिन्याला चार वेळा पुणे-मुंबई करणाऱ्याने पुढच्या बंपरला आणि बॉनेटला ते लावलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. पण स्वस्तातलं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं. आणि वळसंग ते सोलापूर वीसेक किलोमीटर जाऊन दिवसभर बँकेच्या आवारात उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीला ८५,००० रुपयांचा अंगरखा चढवणं म्हणजे कारकुनाने टेबलावर बसताना चिलखत घालण्यासारखं आहे.

रंगाचा प्रश्न मी असा पाटीवर मांडून सोडवला. काचेचा प्रश्न मात्र चिरंजीवांनी उभा केला होता, म्हणून तो बेरजेने सुटेना.

चिरंजीव बारावीत आहेत. त्यांच्या मते काळ्या काचा नसलेली गाडी म्हणजे मिशी नसलेला फौजदार. मी त्याला कायदा सांगितला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम असं म्हणतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे जाऊन सांगितलं की काचेवर कोणत्याही टक्क्यांची काळी फिल्म नको आणि दुसरं काही साहित्यही नको. ४ मे २०१२ पासून ते लागू झालं. सूट कुणाला, तर झेड आणि झेड प्लस सुरक्षा असणाऱ्यांना. मी चिरंजीवांना विचारलं, “आपल्याला झेड सुरक्षा कुणापासून मिळणार? शेजारच्या शेळीपासून?”

पण हल्लीची पोरं बापापेक्षा कायदा जास्त जाणतात. तो म्हणाला, “बाबा, १ एप्रिल २०२१ पासून नियम बदललाय. प्रमाणित सेफ्टी ग्लेझिंग चालतं. आणि केरळच्या हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की ७० आणि ५० टक्के सांभाळले तर गाडीच्या मालकालाही ते बसवता येतं.” माहिती अचूक होती. एवढा अभ्यास त्याने रसायनशास्त्राचा केला असता तर मी दोन गाड्या घेतल्या असत्या. मी इतकंच म्हटलं, “केरळचा निकाल तू कुंभारीजवळ उभ्या असलेल्या हवालदाराला वाचून दाखव, मी तोवर गाडीत बसतो.” शिवाय त्याला पाहिजे होती ती फिल्म ५० टक्क्यांची नव्हतीच. ५० टक्क्यांच्या काचेतून माणूस दिसतो. त्याला माणूस दिसायला नको होता.

उन्हाचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेला नाही. सोलापूरचं ऊन ही हसण्याची गोष्ट नव्हे. पण काळेपणा आणि गारवा यांचं लग्न लावून दिलंय कुणी? सूर्याच्या उष्णतेतली निम्म्याच्या आसपास डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांतून येते. काळी स्वस्त फिल्म उजेड गिळते, स्वतः तापते आणि तापलेली काच आपल्या कानाशी येऊन बसते. उष्णता खरोखर परतवणाऱ्या फिल्म असतात, त्या बऱ्याच वेळा जवळजवळ पारदर्शक असतात आणि महाग असतात. त्यांनी गाडीचा रुबाब वाढत नाही, म्हणून त्यांना फारसं कोणी विचारत नाही. स्वस्त काळी फिल्म दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळी पडते, ती वेगळीच. जांभळ्या काचेतून वळसंग बघण्याइतकं माझं वय अजून रंगीत नाही.

आणि माझ्यापुरतं बोलायचं तर आमचा रस्ताच सज्जन आहे. सोलापूर वळसंगच्या पश्चिमेला. सकाळी जाताना सूर्य पाठीमागे, संध्याकाळी येतानाही सूर्य पाठीमागे. जो सोलापुरात राहून वळसंगात नोकरी करतो त्याच्या दोन्ही वेळा डोळ्यांवर ऊन. म्हणजे आठ हजारांची फिल्म टाळायची असेल तर बदलीच्या अर्जात दिशा लिहावी.

रात्रीचं काय? अक्कलकोटचा रस्ता हा. स्वामी समर्थांच्या दर्शनाला पायी जाणारी माणसं रात्रीची वाऱ्याला चालतात, खांद्यावर झोळी, अंगावर मळकी चादर. हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असते. वळताना बाजूच्या काचेतून आणि आरशातून यातलं जे काही दिसायचं, ते काळ्या काचेतून पाऊण दिसतं. उरलेला पाव हिस्सा म्हणजे कुणाचा तरी बाप असतो. इथे विनोद थांबवून मी चिरंजीवांना हे दोनदा सांगितलं. तो गप्प बसला. पटलं असेल, किंवा मोबाइलवर काहीतरी आलं असेल.

काळ्या काचेचा खरा महिमा मात्र मी मेव्हण्याच्या गाडीत बसून अनुभवला आहे. त्याच्या जुन्या गाडीला आतून रात्र वाटावी अशा काचा होत्या. एकदा आम्ही एस.टी. स्टँडजवळ गाडी लावून आत बसलो होतो, तो पान आणायला उतरला. एक गृहस्थ आले, माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर थांबले, खिशातला कंगवा काढला आणि सावकाश भांग पाडला. ते गेल्यावर दुसरे आले, त्यांनी जबडा वासून दाढेत अडकलेली सुपारी काढली. तिसऱ्यांनी तर मुलाखतीला जाण्याआधी करावं तसं स्वतःकडे बघून हसून घेतलं. मला राहवेना, मी काच खाली केली. ते जराही न लाजता म्हणाले, “असू द्या की ओ, झालंच माझं.” त्या दिवशी मला समजलं, काळी काच लावून आपण लोकांपासून लपत नाही. लोकांना आरसा पुरवतो आणि आपण आत सुपारी बघत बसतो.

शेवटी निकाल दिला आईने. तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या दिवाळीला झालं. आमची वादावादी ती भिंतीला टेकून शेंगा सोलत ऐकत होती. गाडी मुळात तिच्यासाठी घेतलेली, पण तिचं मत विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, “आई, तू पुढं डाव्या बाजूला बसणार. ऊन लागंल तुला. काच काळी करू का?”

ती म्हणाली, “आत्ता कुठं डॉक्टरनं डोळ्याचा पडदा काढलाय. तू परत काचंला पडदा लावालास व्हय रं? रस्त्यानं कोण चाललंय ते बघू दे की मला.”

हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट आणि १०० वा नियम यांना जे एका वाक्यात मांडता आलं नव्हतं ते तिने मांडलं, आणि परत शेंगा सोलायला लागली.

आता माझं म्हणणं सरळच सांगतो. मला या लेपांवर आणि काचांवर राग नाही. ते विकणारा पोटासाठी विकतो. मात्र गाडीबरोबर हे घ्यावंच लागेल अशी अट कुणी घातली तर सही करू नका. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्याच, ही सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला चालत नाही. माझा राग आहे तो आपल्यावर. मध्यमवर्गीय माणूस आयुष्यभर वस्तू वापरायला घेतो आणि सांभाळत बसतो. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. सोफ्याला अभ्रा, अभ्र्यावर टॉवेल. काचेच्या कपाटातले कप पाहुण्यांसाठी, आणि आलेला पाहुणा ‘चहा सोडलाय’ म्हणतो. चादरींच्या जिल्ह्यात जन्म काढून आमच्या ट्रंकेत तीन कोऱ्या सोलापुरी चादरी आणि अंगावर विरलेली चौथी. का? तर नव्याचं नवेपण जाईल!

आणि हे नवेपण कुणासाठी राखायचं? विचारलं तर सगळे एकच उत्तर देतात : “रीसेलला बरं पडतं.” म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकासाठी. ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, जो अजून कदाचित शाळेत असेल, त्या अनोळखी माणसासाठी मी स्वतःच्या बायकोची नखं मोजायची! पोटच्या मुलीसाठी जमवावं तसं त्याच्यासाठी रंग जमवायचा! आणि हिशेब तरी काय सांगतो? विमा कंपनीचा तक्ता बघा. गाडीचं विम्याचं मूल्य ठरवताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के वजा, वर्षाच्या आत १५, असं वाढत वाढत पाचव्या वर्षात ५० टक्के वजा. त्या तक्त्यात ‘कोटिंग केले आहे काय?’ असा रकाना नाही.

लहानपणी माझी समजूत अशी होती की वस्तू घासून घासून कमी होते, तिचं नाव घसारा. कॉलेजात गेल्यावर कळलं की वस्तू न घासताही कमी होते. कपाटात ठेवली तरी होते. पण हे मला कॉलेजाच्या आधीच कळायला हवं होतं, कारण मी ते घरात पाहिलं होतं.

१९८८ साली, मी दुसरीत असताना, वडिलांनी नवी सायकल घेतली. ते शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षक. तेव्हा नवी सायकल यायची ती दांड्यांना खाकी कागद आणि वर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून. वडिलांनी ती काढू दिली नाही. दुकानदाराने विचारलं, आईने विचारलं, मी तर रोज विचारत होतो, कारण आत कोणता रंग आहे तेच आम्हाला माहीत नव्हतं. बिलावर हिरवा लिहिलं होतं. वडील म्हणायचे, “राहू दे, रंग नवा राहील.” सायकलवर मला बसवताना ते खाली टॉवेल घालायचे, तो माझ्यासाठी नव्हता, दांडीसाठी होता.

दोन पावसाळे गेले. खंडेनवमीला सगळ्या आळीने वाहनं धुऊन झेंडू बांधले. आईने फार मागे लागून वडिलांना कागद काढायला लावला. प्लॅस्टिकच्या आत शिरलेलं पाणी बाहेर पडलंच नव्हतं. कागद दांडीला चिकटून गंजात मिसळला होता. हिरवा रंग होता, बिल खोटं नव्हतं. पण तो बोटभर इथे, बोटभर तिथे असा उरला होता. वडिलांनी हाताने दांडी पुसली, हाताला लागलेल्या तांबूस पाण्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, “चल, टॉवेल नको आता. बस.” त्यानंतर ती सायकल त्यांनी निवृत्त होईपर्यंत, वर्षानुवर्षं, पावसाचिखलात हाणली. तिला काही झालं नाही. जे व्हायचं ते नवी असतानाच होऊन गेलं होतं.

म्हणून मी शोरूममध्ये जाऊन त्या गुळगुळीत कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. माझं संरक्षणाचं अंदाजपत्रक असं : एक बादली, दोन मऊ फडकी, वर्षातून दोनदा मेणाचं पॉलिश, त्याला पाचशे रुपये. पक्ष्याची घाण दिसली की लगेच पाणी, कारण ती रंग खरोखर खाते. गाडी लिंबाखाली, फक्त शेळी बांधलेली आहे ना ते बघून. उन्हात उभी असेल तर चारी दारं दोन मिनिटं उघडी, मग एसी. मुलाने कागद घेतला आणि मनापासून म्हणाला, “सर, नंतर वाईट वाटेल.”

वाटलं. खोटं कशाला सांगू? अकराव्या दिवशीच वाटलं.

आम्ही सोलापूरहून येत होतो. आई पुढे, काच खाली. ती काच खाली असल्यामुळे वळसंगची वेस ते घर या अंतराला वीस मिनिटं लागतात, कारण ती प्रत्येकाला ओळखते आणि ऑपरेशननंतर लांबूनच ओळखते. स्टँडवर भाऊबंदातले एक तात्या तेलाचा पत्र्याचा डबा घेऊन उभे होते. आईने हात केला. मी थांबलो. तात्यांनी मागचं दार उघडलं, डबा उचलला, आणि डब्याच्या कोपऱ्याने दारावर वीतभर लांब रेघ ओढली. आवाज असा आला की माझ्या दाढा शिवशिवल्या.

तात्यांनी वाकून बघितलं. बोटाला थुंकी लावून रेघेवर घासलं. “जातंय बघा,” म्हणाले. ते जात नव्हतं. क्लिअरकोट, रंग, प्रायमर हे तिन्ही थर ओलांडून ते गेलेलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे क्षणभर ८५,००० रुपयांचं कातडं तरळून गेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई मागे वळून म्हणाली, “आधी डब्यातलं तेल सांडलं का बघ.”

सांडलं नव्हतं. तात्या बसले. बारा पावलांवर राहणाऱ्या तात्यांनी घरापर्यंतच्या रस्त्यात आईला गावातल्या तीन लग्नांची आणि एका भांडणाची सविस्तर बातमी दिली. आई इतकी हसली की तिचे गुडघे दुखत असल्याचं ती विसरली.

पंधरा दिवसांनी शोरूममधून त्याच मुलाचा फोन आला. “सर, गाडी कशी आहे? एखादा स्क्रॅच वगैरे पडला असेल तर आपल्याकडे आता पॉलिशिंगचं पॅकेज आहे.” मी खिडकीतून बँकेच्या आवाराकडे पाहिलं. तिथे सात गाड्या उभ्या होत्या, त्यांपैकी पाच पांढऱ्या. आमचे साहेब दुसऱ्याच पांढऱ्या गाडीला किल्ली दाखवत उभे होते आणि ती उघडत नाही म्हणून किल्लीकडे रागाने बघत होते. मला माझी गाडी तिसऱ्या मजल्यावरून ओळखू आली.

“राहू दे,” मी म्हटलं. “आमच्या सर्व्हिस बुकात एक रकाना असतो. शरीरावरील ओळखीची खूण.”